वावर तेवढंच आहे, रकाना हरवला आहे

डेटाबेसच्या स्कीमावरून प्रोग्राममधल्या रचना कंपाइल करतानाच तयार करून घेणे म्हणजे विनाकारण ओढवून घेतलेले ओझे, असे म्हणणारे लोक वाढले आहेत. त्यांत माझ्या ओळखीचे, अनुभवी, मन लावून काम करणारे प्रोग्रामर आहेत. अकोल्यात, अमरावतीत, पुण्यात बसून सेवा सहकारी सोसायट्यांची, जिनिंगची, बाजार समित्यांची, ग्रामपंचायतींच्या करवसुलीची सॉफ्टवेअरे लिहिणारी ही माणसे. त्यांचे म्हणणे असे: टेबले बदलतात, कायदे बदलतात, शासनाचे नमुने बदलतात, म्हणून प्रोग्राम डेटाबेसला घट्ट बांधू नका. ओळ वाचा, कॉलमचे नाव सांगून किंमत उचला, नसेल तर शून्य धरा आणि पुढे चला. मला या म्हणण्यातले बहुतेक मुद्दे चुकीचे वाटतात, आणि ‘नसेल तर शून्य धरा’ हा तर घातक वाटतो.

हा लेख वाचणारा प्रत्येक जण प्रोग्रामर नसेल, म्हणून आधी वाद कशाचा आहे ते सांगतो. डेटाबेसमध्ये टेबल असते, टेबलाला कॉलम असतात आणि प्रत्येक कॉलमचे स्वतःचे नियम असतात. इथे अंक येईल, इथे तारीख. हा रिकामा राहू शकतो, हा राहू शकत नाही. हे सगळे नियम मिळून स्कीमा होतो. टेबलातली एक ओळ हातात घ्यायची तर प्रोग्रामलाही तिची रचना ठाऊक हवी. ती प्रोग्रामरने हाताने लिहून ठेवावी, हा एक मार्ग. काहीच लिहू नये, प्रोग्राम चालू असताना कॉलमचे नाव देऊन किंमत मागावी, हा दुसरा. तिसऱ्या मार्गात प्रोग्राम बांधला जात असताना, म्हणजे कंपाइल होताना, एक साधन स्कीमा वाचते आणि त्यावरून रचना लिहून देते. ‘पोटखराबा’ (लागवडीला न येणारी जमीन) नावाचा कॉलम टेबलात उरला नसेल तर तो रचनेतही येत नाही, आणि तो वापरणाऱ्या प्रत्येक ओळीवर कंपायलर अडतो. प्रोग्राम तयारच होत नाही. मी या तिसऱ्या मार्गाच्या बाजूने उभा आहे.

ही नवी टूम आहे असे कोणी म्हणत असेल तर त्याने जरा मागे पाहावे. आयबीएमच्या डीबी2 सोबत 1980 च्या दशकातच ‘डीसीएलजेन’ हे साधन मिळत असे. टेबलाची व्याख्या वाचून ते कोबॉलमधली रचना लिहून द्यायचे. ओरॅकलचा ‘प्रो-सी’ हा प्री-कंपायलर सी प्रोग्राममधली एसक्यूएल वाक्ये डेटाबेसशी ताडून पाहू शकत असे. एफ-शार्प भाषेत 2012 साली ‘टाइप प्रोव्हायडर’ आले आणि डेटाबेसची रचना थेट कंपायलरच्या हाती आली. जावात ‘जूक’, गो भाषेत ‘एसक्यूएलसी’, रस्टमध्ये ‘डीझल’ आणि ‘एसक्यूएलएक्स’ हे त्याच घराण्यातले. आपल्या पुण्यात 1981 साली सुरू झालेल्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरमध्ये ‘मास्टरक्राफ्ट’ घडले. एका मॉडेलवरून पडदे, व्यवहाराचे नियम आणि डेटाबेसचा थर असे सगळे कोड तयार करून घेण्याची ती व्यवस्था. एकच गोष्ट चार ठिकाणी हाताने लिहिली की चार ठिकाणी ती वेगवेगळी होते, हे महाराष्ट्रातल्या संशोधकांनी तेव्हाच ओळखले होते. त्यांनी मूळ मॉडेलमध्ये ठेवले. मी ते स्कीमात ठेवावे म्हणतो. मूळ एकच असावे, याबद्दल आमच्यात मतभेद नाही.

मूळ स्कीमातच का? जमिनीच्या, कर्जाच्या, कराच्या नोंदी प्रोग्रामपेक्षा जास्त जगतात. प्रोग्राम दहा वर्षांत टाकून देतात, भाषा बदलतात, कंत्राटदार बदलतो. टेबलातली ओळ राहते. आणि एकाच टेबलावर अनेक प्रोग्राम बसलेले असतात: एक छापतो, एक बेरीज करतो, एक बँकेला पाठवतो, एक मोबाइलवर दाखवतो. आमच्याकडे दोन वावरांमधल्या धुऱ्यावरून भांडण लागले की कोणाच्या आठवणीवर निवाडा होत नाही, भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी आणतात. प्रत्येक प्रोग्रामने टेबलाची आपापली आठवण बाळगणे हे मला धुऱ्याच्या त्या भांडणासारखेच वाटते.

आता उदाहरण. अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यातले, सातपुड्याच्या पायथ्याचे हिवरखेड घेऊ आणि तिथला सातबारा घेऊ. गाव नमुना 7 हा अधिकार अभिलेख, गाव नमुना 12 ही पिकांची नोंदवही. दोन्ही मिळून जो कागद होतो त्यावर पीक कर्ज, विमा, अनुदान, वाटणी सगळे उभे असते. 2020 मध्ये या नमुन्यात बदल झाले. गावाच्या नावासोबत स्थानिक शासन निर्देशिकेतला कोड आला. खातेदाराच्या नावासमोर खाते क्रमांक आला. लागवडीयोग्य क्षेत्र आणि पोटखराबा यांची एकत्र बेरीज दाखवली जाऊ लागली. शेतजमिनीचे क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असे आणि बिनशेतीचे आर, चौरस मीटर असे लिहायचे ठरले. अकृषक जमिनीला नमुना 12 ची गरज नाही, अशी सूचनाही छापली जाऊ लागली. कागदावर हे बदल चांगले आहेत, मी त्यांचे स्वागतच करतो. पण यातला प्रत्येक बदल त्या नोंदी वाचणाऱ्या सगळ्या प्रोग्रामांना स्कीमाचा बदल म्हणून भोवतो.

समजा, एका सोसायटीचा प्रोग्राम पोटखराबा एकाच कॉलममधून वाचतो. नंतर कोणीतरी योग्य विचार करून त्या कॉलमचे दोन केले, कारण पोटखराबा वर्ग ‘अ’ आणि वर्ग ‘ब’ असा दोन प्रकारचा असतो. जुना कॉलम गेला. प्रोग्राम चालू असताना नाव देऊन किंमत मागतो, किंमत मिळत नाही, आणि आधीच लिहून ठेवल्याप्रमाणे शून्य धरतो. पडद्यावर चूक दिसत नाही. छपाई नीट होते. 2 हेक्टर 10 आर लागवडीयोग्य आणि 30 आर पोटखराबा असलेल्या माणसाच्या हातात एकूण 2 हेक्टर 10 आर असा कागद येतो. तो खिडकीवर विचारतो, “माहं वावर कमी कसं झालं जी?” आणि पलीकडच्या माणसाकडे उत्तर नसते, कारण कॉम्प्युटरने तसेच काढले आहे.

पुढे काय होते ते वऱ्हाडातल्या कोणत्याही घरात विचारा. मूळ नोंद शाबूत आहे, चूक फक्त एका प्रोग्रामच्या छापण्यात आहे, हे त्या शेतकऱ्याला कसे कळणार? तो पटवाऱ्याकडे जाईल. तिथून तेल्हाऱ्याला तहसीलमध्ये जाईल. कोणीतरी त्याला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली लेखनप्रमाद दुरुस्तीचा अर्ज करायला सांगेल, आणि जी चूक नोंदीत नाहीच तिच्या दुरुस्तीसाठी तो कागद गोळा करत फिरेल. पेरणीच्या तोंडावर त्याचे दिवस जातील, मजुरी बुडेल. तिसऱ्या मार्गाने गेले असते तर हीच चूक प्रोग्रामरच्या टेबलावर, कॉलम बदलला त्याच दिवशी लाल अक्षरांत दिसली असती. दोन्हीकडे चूक माणसाचीच. ती निस्तरायला कोणाचा वेळ जातो, एवढाच फरक आहे. माझ्या दृष्टीने तो फरक पुरेसा आहे.

‘टेबले बदलतात म्हणून बांधू नका’ या वाक्याला माझे उत्तर यातच आले. टेबले बदलतात म्हणूनच बांधायचे. ती कधीच बदलली नसती तर रचना एकदा हाताने लिहून ठेवून भागले असते, या साधनांची गरजच पडली नसती.

दुसरा आक्षेप रिकाम्या जागांबद्दल. प्रतिपक्ष म्हणतो, खऱ्या नोंदी अर्धवट असतात. तुमचे काटेकोर टाइप तिथे अडून बसतील. नोंदी अर्धवट असतात, खरे आहे. पण कोणता कॉलम रिकामा राहू शकतो हे स्कीमात लिहिलेले असते आणि तयार होणाऱ्या रचनेत ते उतरते. रिकामे आणि शून्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आकारणी शून्य असणे वेगळे, आकारणीची नोंदच झालेली नसणे वेगळे. काटेकोर रचना प्रोग्रामरला विचारते: इथे काही नसेल तर तू काय करणार? उत्तर दिल्याशिवाय ती त्याला पुढे जाऊ देत नाही. नाव देऊन वाचणारा प्रोग्राम हा प्रश्न विचारतच नाही.

इथे एक अवघड जागा आहे आणि ती मी लपवणार नाही. नमुना 7 चे टेबल नमुना 12 च्या टेबलाशी जोडले तर शेतजमिनीला पिकाची ओळ सापडते, बिनशेतीला सापडत नाही. समजा, नमुना 12 च्या टेबलात पिकाचे नाव सक्तीचे आहे, म्हणजे तिथे ते कधीच रिकामे नसते. पण दोन टेबलांच्या जोडणीत बिनशेतीच्या ओळीसमोर ते रिकामे येते. फक्त टेबलांवरून रचना काढणाऱ्या साधनाला हे कळत नाही. एसक्यूएलएक्ससारखे साधन प्रत्येक क्वेरी डेटाबेसला विचारून तपासते, तरीही जोडणीतला रिकामेपणा त्याला दर वेळी अचूक ओळखता येतो असे नाही. तिथे प्रोग्रामरला हाताने खूण करावी लागते. म्हणजे हे साधन परिपूर्ण नाही. पण या उणिवेवरून दुसऱ्या मार्गाकडे वळा असे म्हणणाऱ्याने हेही सांगावे की तिथे हाच रिकामेपणा कोण ओळखतो. कोणीच नाही.

तिसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: टाइप जुळले म्हणून अर्थ जुळतो असे नाही. क्षेत्राचेच पाहा. ‘2.50’ हा आकडा शेतजमिनीच्या रकान्यात 2 हेक्टर 50 आर होतो आणि बिनशेतीच्या रकान्यात 2 आर 50 चौरस मीटर. फरक शंभर पटींचा. डेटाबेसमध्ये दोन्हींसाठी एकच दशांश अंकाचा कॉलम असेल तर साधन निमूटपणे एकच दशांश अंक लिहून देईल आणि कंपायलरही काही बोलणार नाही. हे मान्य. पण दोष कोणाचा? स्कीमाने जे सांगितलेच नाही ते साधन कुठून आणणार? क्षेत्र चौरस मीटरमध्ये पूर्णांक म्हणून साठवा, एकक कॉलमच्या नावातच घाला, हेक्टर आणि आर फक्त छापताना काढा. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये क्षेत्रासाठी वेगळे ‘डोमेन’ करता येते, ऋण क्षेत्र नाकारणारी अट टाकता येते. रचना स्कीमावरून तयार व्हायला लागली की स्कीमा लिहिणाऱ्यावर असा विचार करण्याची जबाबदारी येते, आणि मी तो या पद्धतीचा मोठा लाभ मानतो. आज कितीतरी ठिकाणी टेबल म्हणजे काहीही कोंबायची जागा झाली आहे. अर्थ सगळा प्रोग्राममध्ये, आणि तोही पाच प्रोग्रामांत पाच प्रकारे.

गावाच्या नावाचेही तसेच. हिवरखेड तेल्हारा तालुक्यात आहे, हिवरखेड अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यात आहे, आणि बुलढाणा जिल्ह्यात खामगावकडे आणखी एक आहे. ज्या टेबलात गाव नुसत्या अक्षरांत लिहिले आहे तिथे मोर्शीच्या संत्र्याच्या बागेचे अनुदान तेल्हाऱ्याच्या खातेदाराच्या यादीत जाण्यापासून कोण अडवणार? गावाचा कोड, तालुक्याचा कोड, जिल्ह्याचा कोड हे स्कीमात वेगवेगळे ठेवले, एकमेकांशी परकीय किल्लीने बांधले आणि रचनेतही त्यांना वेगळे टाइप दिले, तर गावाच्या जागी तालुक्याचा कोड देणारी ओळ कंपाइलच होत नाही. तेल्हाऱ्याच्या आमच्या हिवरखेडची ग्रामपंचायत जाऊन नगर परिषद झाली आहे. ग्रामपंचायतीच्या कर आकारणीच्या नमुना 8 वर चाललेला प्रत्येक प्रोग्राम ग्रामपंचायतीचा कोड असणारच असे धरून चालतो. आता तो नाही. ‘नसेल तर शून्य’ या न्यायाने अख्ख्या गावातल्या घरांची मागणीपत्रके शून्य क्रमांकाच्या ग्रामपंचायतीच्या नावे निघू शकतात.

कंपाइलच्या वेळी डेटाबेस चालू असावा लागतो, मग वीज गेली, नेट गेले की काम ठप्प, ही तक्रार मी गंभीरपणे घेतो. लोडशेडिंग काय असते हे मला वऱ्हाडात कोणी सांगायला नको. पण हा प्रश्न साधने लिहिणाऱ्यांनी केव्हाच सोडवला आहे. एसक्यूएलएक्स डेटाबेसची उत्तरे फायलींमध्ये जपून ठेवतो. त्या फायली कोडसोबत असल्या की डेटाबेस नसतानाही कंपाइल होते. डीझलमध्ये सुरुवातीला कंपाइल करतानाच डेटाबेसला जोडणारा मॅक्रो होता. तो मागे पडला आणि स्कीमा एका फायलीत लिहून ठेवण्याची रीत आली. ती फाइल माणसाला वाचता येते, जुन्या फायलीशी ताडून काय बदलले ते पाहता येते. चालू, खऱ्या नोंदींच्या डेटाबेसला जोडून कंपाइल करणे चूकच आहे, तिथे मी प्रतिपक्षासोबत आहे. मायग्रेशनच्या, म्हणजे स्कीमातले बदल क्रमाने नोंदवणाऱ्या, फायलींवरून रिकामा डेटाबेस उभा करावा आणि त्यावरून रचना काढाव्यात.

सगळ्यात जोरकस आक्षेप असा: तुम्ही सोमवारच्या स्कीमावर कंपाइल केले, मंगळवारी कोणी टेबल बदलले, बुधवारी तुमचा प्रोग्राम पडला. मग हमी कसली? हमी अर्धीच आहे, हे खरे. उरलेली अर्धी शिस्तीने मिळवावी लागते. प्रोग्रामने सुरू होताना शेवटच्या मायग्रेशनचा क्रमांक तपासावा आणि तो ज्या स्कीमावर बांधला आहे त्याच्याशी जुळत नसेल तर सुरूच होऊ नये. बदल दोन टप्प्यांत करावा: आधी नवे कॉलम घालायचे आणि जुना तसाच ठेवायचा, सगळे प्रोग्राम नव्यावर आले की मग जुना काढायचा. कोण अजून जुना वापरतो आहे हे शोधायला कंपायलरइतका भरवशाचा मदतनीस दुसरा नाही. आणि बुधवारी प्रोग्राम पडला, तर पडू द्या. बंद खिडकी लोकांना दिसते, चुकीचा सातबारा दिसत नाही.

मोबाइलची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि तिथे माझ्या बाजूच्या उत्साही लोकांनी थांबून विचार करावा. ई-पीक पाहणी 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झाली. शेतकरी स्वतःच्या फोनवरून पिकाची नोंद करतो. ते ॲप त्याच्या फोनमध्ये असते, कधी जुन्याच आवृत्तीचे. सर्व्हरवरचे टेबल बदलले म्हणून त्याच्या खिशातला फोन पुन्हा कंपाइल होत नाही. तिथे टेबलाची रचना जशीच्या तशी फोनपर्यंत नेणे चूक ठरेल. मध्ये आवृत्ती दिलेला करार लागतो, आणि जुन्या आवृत्तीची भाषा समजण्याची सोय सर्व्हरवर लागते. पिकांची यादीसुद्धा कोडमध्ये गोठवू नये. अकोट, तेल्हारा, अंजनगाव सुर्जी या पट्ट्यात पानपिंपरी पिकते. यादीत एखादे असे पीक घालायचे तर टेबलात ओळ वाढवून काम व्हायला हवे, नवा प्रोग्राम बांधावा लागू नये. स्कीमावरून रचना काढायची, माहितीवरून नाही. ही सीमा जे ओलांडतात त्यांच्यामुळे या पद्धतीचे नाव खराब होते.

टेबलातली ओळ म्हणजे व्यवहारातली वस्तू नव्हे, हाही आक्षेप मला मान्य आहे. खातेदार म्हणजे खातेदारांच्या टेबलातली एक ओळ नाही. त्याची सामाईक खाती असतात, वारस असतात, प्रलंबित फेरफार असतात. साधनाने दिलेली रचना प्रोग्रामच्या काठावर ठेवावी आणि आत खातेदाराचे वेगळे चित्र उभे करावे. ते उभे करण्याचे कोड माणसाने लिहावे. यात पद्धतीविरुद्ध काही नाही.

2017 ची कर्जमाफी आठवा. छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत शेतकऱ्यांचे ऑनलाइन अर्ज एकीकडे आणि बँकांनी भरायचा 66 रकान्यांचा तक्ता दुसरीकडे. दोन्हींचा मेळ बसवताना किती वेळ गेला, याद्या किती वेळा तपासाव्या लागल्या, हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. मी त्याचा सगळा दोष एका तंत्रावर टाकत नाही; कारणे पुष्कळ होती. पण 66 रकान्यांचा तक्ता हातोहात फिरतो तेव्हा त्याच्या प्रत्येक रकान्याचा प्रकार, सक्ती आणि एकक एका ठिकाणी लिहिलेले असावे आणि तो भरणारा, तपासणारा, वाचणारा असे तिन्ही प्रोग्राम त्याच एका ठिकाणावरून बांधलेले असावेत, ही मागणी अवाजवी नाही. बँकेच्या शाखेतच चूक अडली असती तर ती मुंबईपर्यंत गेली नसती.

म्हणून माझी मागणी प्रोग्रामरांपाशी थांबत नाही. जमाबंदी आयुक्तालय, सहकार खाते, कृषी खाते यांनी लोकांची माहिती नव्हे, तर नुसते टेबलांचे आराखडे जाहीर करावेत. आवृत्ती क्रमांकासह आणि कोणालाही उतरवून घेता येतील असे. सुरक्षेचे कारण पुढे करू नये. सातबाऱ्याचे रकाने आज प्रत्येक शेतकऱ्याच्या पिशवीतल्या कागदावर छापलेले आहेत. अकोल्यातल्या दोन माणसांच्या कंपनीलाही त्या आराखड्यावरून आपल्या रचना काढता याव्यात आणि कुठे मोडते ते घरबसल्या पाहता यावे. खरिपाचे पीक कर्जवाटप एप्रिलमध्ये सुरू होते. आराखड्यात बदल असेल तर तो त्या वर्षीच्या जानेवारीत जाहीर व्हावा, जुने कॉलम खरीप संपेपर्यंत तसेच राहावेत, आणि ते केव्हा काढले जाणार याची तारीख त्याच पत्रकात लिहिलेली असावी.